शिक्षेबाबतच्या त्या चार ओळी

फौजदारी अपिले चालवणाऱ्या सर्व वकील बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेक जण मला ओळखत नाहीत, पण माझे काम तुम्ही वाचले आहे. सत्र न्यायालयात मराठीत नोंदवलेल्या साक्षी, फिर्यादी, पंचनामे, मृत्युपूर्व जबाब इंग्रजीत उतरवले जातात, त्यांचे पेपरबुक, म्हणजे अपिलासाठी बांधलेला कागदपत्रांचा संच, होते आणि ते उच्च न्यायालयापुढे जाते. ती पाने मी सव्वीस वर्षे उतरवली. खून, खुनाचा प्रयत्न, सदोष मनुष्यवध, दरोडा, गंभीर दुखापत. माझ्या टेबलावर दुसरे काही फारसे यायचेच नाही. निवृत्त होऊन दीड वर्ष झाले. नोकरीत असताना अनुवादकाने मत द्यायचे नसते आणि मी ते कधी दिले नाही. आज देते आहे, कारण जे मी इतकी वर्षे पाहिले ते बदलणे पुष्कळसे तुमच्या हातात आहे.

शिक्षा जास्त झाली म्हणून जे अपील केले जाते, ते आपल्याकडे जवळजवळ चालवलेच जात नाही. त्याबद्दल मला बोलायचे आहे.

पेपरबुकात निकालपत्र शेवटी असते. वीस-पंचवीस पाने पुराव्याची चर्चा होते, आरोपी दोषी ठरतो, आणि मग एक छोटा परिच्छेद येतो. तो मला तोंडपाठ आहे. "शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीस ऐकले. आरोपीचे म्हणणे की, तो घरातील एकमेव कमावता आहे. घरी वृद्ध आई व लहान मुले आहेत. हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे. दया दाखवावी. सरकारी वकिलांनी जास्तीत जास्त शिक्षेची मागणी केली." त्याच्या खाली, बहुतेक वेळा त्याच तारखेला, दहा वर्षे सक्तमजुरी. साक्षीपुरावा तीनशे पानांचा आणि माणसाची पुढची दहा वर्षे चार ओळींत. प्रकरण बदलले की फक्त मुलांची संख्या बदलायची.

एकदा एका प्रकरणात तीन आरोपी होते, सख्खे भाऊ. शेजाऱ्याशी भांडण झाले. पहिल्याने कोयता मारला, दुसऱ्याने जखमीला मागून धरले, आणि तिसरा, साक्षीदारांच्याच सांगण्याप्रमाणे, आरडाओरडा ऐकून मागाहून धावत आला आणि त्याने लाथ मारली. त्याचे वय जबाबाच्या कागदावर एकोणीस लिहिले होते. सुदैवाने जखमी वाचला. खुनाचा प्रयत्न, समान उद्देश, जुन्या दंडसंहितेचे कलम ३०७ सहवाचन ३४. तिघांनाही प्रत्येकी दहा वर्षे. शिक्षेबाबतच्या परिच्छेदात लिहिले होते की आरोपी क्रमांक एक, दोन आणि तीन यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे आहे की तो घरातील एकमेव कमावता आहे. तिघांचा पत्ता एकच होता, घर क्रमांकासकट. मला वाटले माझ्याच वाचण्यात चूक झाली. मूळ कागद पुन्हा काढून पाहिला. तसेच होते.

ते खोटे बोलले असे मला वाटत नाही. मला वाटते त्या तिघांपैकी कोणी काही बोललेच नसावे. घटकाभरापूर्वी दोषी ठरलेला माणूस पिंजऱ्यात उभा असतो, त्याला विचारले जाते की शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का, तो वकिलांकडे बघतो, वकील उठून नेहमीचे वाक्य म्हणतात, आणि ते तिघांच्या नावावर टाइप होते. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल त्या कागदावर खरे असे एक अक्षरही नव्हते. तो शिकत होता की काम करत होता, मोठ्या भावांच्या धाकात होता का, आधी कधी कोणावर हात उचलला होता का, हे कोणाला ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना कोयता चालवणाऱ्याला आणि त्याला एकच माप लागले. कलम ३४ मुळे गुन्ह्याची जबाबदारी सामायिक होते हे मला कळते. शिक्षाही सारखीच झाली पाहिजे असे मात्र ते कलम कुठेही म्हणत नाही.

तुम्हाला कायदा शिकवण्याचा माझा अधिकार नाही. पण ही शिक्षेवरची सुनावणी कुठून आली ते आठवून पाहा, कारण ती मिळवलेली गोष्ट आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती नव्हती. दोषी ठरवले की लगेच शिक्षा. विधी आयोगाने आपल्या ४८ व्या अहवालात शिफारस केली आणि १९७३ च्या संहितेत कलम २३५(२) आले: दोषी ठरवल्यावर न्यायाधीश शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीला ऐकतील आणि मग शिक्षा देतील. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम २५८(२) आहे. १९७६ साली संता सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही तरतूद बंधनकारक आहे, आणि 'ऐकणे' म्हणजे तोंडी दोन वाक्ये ऐकून घेणे एवढेच नाही. आरोपीला आपल्याबद्दलची माहिती, कागद, गरज पडली तर पुरावासुद्धा आणता आला पाहिजे. ती संधी दिली नाही म्हणून फाशीची शिक्षा रद्द करून प्रकरण खाली परत पाठवले गेले. पुढच्याच वर्षी मानवत खून खटल्याच्या निकालात न्यायालयाने म्हटले की खालच्या न्यायालयाने ऐकले नसेल तर प्रत्येक वेळी परत पाठवायलाच हवे असे नाही, वरचे न्यायालयही ती उणीव भरून काढू शकते. १९८९ मध्ये अल्लाउद्दीन मियाँ प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले गेले: दोषी ठरवल्यावर शक्यतो वेगळी तारीख द्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना तयारी करता येईल.

मानवतच्या निकालाकडे मी वेगळ्या नजरेने बघते. वरचे न्यायालय उणीव भरून काढू शकते, याचा अर्थ ती भरून काढण्याचे काम अपिलात तुमच्याकडे आले. ते होताना मला दिसले नाही. अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपील दाखल करतानाच्या अर्जात, सतरा-अठरा मुद्दे असतात. साक्षीदार नातेवाईक आहेत, फिर्याद उशिरा दिली, पंच फुटले, हत्यार जप्तीचा पंचनामा संशयास्पद आहे. आणि सगळ्यात शेवटी, 'इतर मुद्दे सुनावणीच्या वेळी मांडले जातील' याच्या जरा वर, एक ओळ असते: दिलेली शिक्षा अवाजवी आणि कठोर आहे. का अवाजवी, कशाच्या तुलनेत कठोर, एक शब्द नाही. मी मेमोही उतरवले आहेत, तेव्हा हे ऐकीव नाही.

असे का होते हे मी एका ज्येष्ठ वकिलांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, "बाई, शिक्षेवर बोललो की गुन्हा कबूल केल्यासारखे होते. बेंचला वाटते, याला स्वतःलाच निर्दोषपणाची खात्री नाही." ही भीती खोटी नाही. माणूस खरोखर निर्दोष असेल तर त्याची पहिली मागणी सुटकेचीच असणार आणि तुमची पहिली निष्ठा त्या मागणीशीच असणार. पण कायद्याने दोष आणि शिक्षा या दोन पायऱ्या वेगळ्या केल्या त्या याच अडचणीसाठी ना? 'माझा अशील निर्दोष आहे. न्यायालयाला तसे वाटत नसेल तर निदान त्याच्या कृतीइतकीच शिक्षा द्या' हे म्हणण्यात कबुली कुठे आली? अपील न्यायालयाचे अधिकार सांगणाऱ्या कलमात, जुने ३८६ आणि नवे ४२७, निष्कर्ष तसाच ठेवून शिक्षेचे स्वरूप किंवा प्रमाण बदलण्याचा अधिकार वेगळा दिलेला आहे. आरोपीच्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही हेही तिथेच लिहिले आहे. सरकारला ती वाढवून हवी असेल तर त्याला स्वतंत्र अपील करावे लागते. म्हणजे शिक्षेवर नीट युक्तिवाद केला म्हणून आरोपीचे काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी, कारण तुरुंगातले लोक आणि त्यांचे घरचे याबाबत भाबड्या आशेवर असतात. खुनाच्या कलमात, जुने ३०२ किंवा नवे १०३, जन्मठेपेहून कमी शिक्षा देता येत नाही. ती कितीही जास्त वाटली तरी कोणतेच न्यायालय तिच्याखाली जाऊ शकत नाही. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे हा समज घराघरात असला तरी चूक आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच गोपाळ गोडसे प्रकरणात सांगितले आहे. चौदा वर्षांचा आकडा आहे तो सरकारने सूट देऊन सोडायचे तर त्याआधी किमान किती काळ आत राहायला हवे याचा. तेव्हा खुनाच्या अपिलात शिक्षेचा प्रश्न खरे तर कलमाच्या प्रश्नात दडलेला असतो: हा खून आहे की सदोष मनुष्यवध? अचानक झालेले भांडण, पूर्वतयारी नाही, हाताला लागले ते उचलले. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण होते. शेताजवळून जाताना कुत्रा भुंकला, त्याला लोखंडी पाइपने मारले, मालकाने हरकत घेतली, बाचाबाची झाली आणि तोच पाइप मालकाच्या डोक्यात बसला. तो माणूस दगावला. जन्मठेप झालेल्या आरोपीचे कलम न्यायालयाने ३०४ (सदोष मनुष्यवध) च्या दुसऱ्या भागात आणले आणि शिक्षा पाच वर्षांवर आली. कृत्य तेच, मृत्यू तोच; त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय होते आणि काय नव्हते याची कोणीतरी नीट मांडणी केली म्हणून हा फरक पडला.

प्रमाणाचा खरा प्रश्न उभा राहतो तो मधल्या कलमांत. ३०४ चा पहिला भाग: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. दुसरा भाग: दहा वर्षांपर्यंत. ३०७ आणि ३२६ (धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत) मध्येही दहा वर्षांपर्यंत, आणि जन्मठेपेची वाट मोकळी. म्हणजे एकाच कलमाखाली एका माणसाला दोन वर्षे होऊ शकतात आणि दुसऱ्याला सगळा जन्म. एवढ्या मोठ्या पट्ट्यात बोट कुठे ठेवायचे हे ठरवायला न्यायाधीशांकडे काय असते? फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मालीमठ समितीने २००३ मध्ये आणि पुढे माधव मेनन समितीनेही शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे हवीत असे सांगितले. तशी तत्त्वे संसदेने केली नाहीत, आणि न्यायालयांनीही आखून दिली नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेच एका निकालात नोंदवले. मग न्यायाधीश आपला अनुभव, आपला स्वभाव आणि समोर आलेल्या त्या चार ओळी यांवरून ठरवतात. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. त्यांच्यापुढे काही ठेवलेच जात नाही.

फाशीच्या प्रकरणांत हे बदलले आहे. १९८० च्या बचनसिंग निकालाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराकडेही बघायला सांगितले, तो सुधारण्याची शक्यता नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. मे २०२२ मध्ये मनोज प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने यादीच दिली: वय, घरची परिस्थिती, शिक्षण, आर्थिक स्थिती, मानसिक आरोग्य, तुरुंगातली वागणूक. हे सगळे खालच्या न्यायालयापुढे यायला हवे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, फाशीच्या प्रकरणात शिक्षेवरची सुनावणी अर्थपूर्ण कशी व्हावी, हा प्रश्न पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. मला याचा आनंदच आहे. पण माझ्या टेबलावर आलेल्या हजारो पानांत फाशीची पाने किती होती? मोजकी. बाकी सगळी सात वर्षे, दहा वर्षे, जन्मठेप. जीव जाणार असेल तर माणसाचे सगळे आयुष्य समोर मांडायचे आणि दहा वर्षे जाणार असतील तर 'एकमेव कमावता आहे' एवढ्यावर भागवायचे, हे मला पटत नाही. विशीतल्या माणसाची दहा वर्षे म्हणजे त्याच्या कामधंद्याचे, लग्नाचे, मुलांचे सगळे वय असते. मनोज निकालातली यादी दहा वर्षांच्या प्रकरणात वापरू नका असे तुम्हाला कोणी सांगितले आहे?

माझ्या कामात एका गोष्टीची मला सवय लागली होती. निकालपत्राचा शेवटचा आदेश उतरवताना मी एक वाक्य शोधायची: 'सर्व शिक्षा एकाच वेळी भोगावयाच्या आहेत.' बहुतेक आदेशांत ते असते. काहींत नसते. एका आदेशात एका कलमाखाली सात वर्षे, दुसऱ्याखाली तीन, तिसऱ्याखाली एक होते, आणि पुढे थेट मुद्देमालाची विल्हेवाट. ते वाक्य नव्हते. न्यायाधीशांनी मुद्दाम गाळले की टाइप करताना राहिले, कागदावरून कळत नव्हते. जुन्या संहितेच्या कलम ३१ प्रमाणे न्यायालयाने 'एकाच वेळी' असे सांगितले नाही तर शिक्षा एकीमागून एक भोगाव्या लागतात. म्हणजे सातच्या जागी अकरा. मी ते आहे तसे उतरवले, कारण नसलेले वाक्य घालण्याचा मला अधिकार नव्हता. त्या अपिलाच्या मेमोतही त्याबद्दल काही नव्हते. चार वर्षांचा प्रश्न होता आणि तो कोणाच्याच नजरेला पडला नव्हता. त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा कोणाशी बोलावेसे वाटले नाही.

दंडाचेही तसेच. 'दंड न भरल्यास आणखी सहा महिने' हा काळ मूळ शिक्षेच्या वर मोजला जातो, एकत्र मोजून तो सुटत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो सुटतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो आणखी राहतो. तीन-चार कलमांचे दंड एकत्र आले की हे महिने वर्षावर जातात. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की दंड न भरल्याबद्दलची कैद ही मूळ शिक्षेसारखी शिक्षा नाही आणि ती ठरवताना न्यायालयाने माणसाची परिस्थिती पाहायला हवी. खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस वजा होतात, जन्मठेपेच्या कैद्यालाही ही वजावट मिळते हे १९८५ पासून ठरलेले आहे. तरीही किती दिवस वजा झाले याचा साधा हिशेब मेमोला जोडलेला मी क्वचितच पाहिला.

आता उशिराबद्दल. मुदतीच्या शिक्षेचे अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षा निम्मी, कधी सगळी भोगून झालेली असते. मग शेवटच्या दिवशी वकील म्हणतात, आम्ही दोषसिद्धीला आव्हान देत नाही, भोगलेली शिक्षा पुरेशी मानावी. न्यायालय मान्य करते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. माणूस घरी जातो हे चांगलेच. पण मूळची दहा वर्षे योग्य होती की नव्हती हे कोणीच ठरवत नाही, म्हणून पुढच्या न्यायाधीशाला त्यातून काही शिकायला मिळत नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यात तशाच गुन्ह्याला पुन्हा दहा वर्षे होतात. मुदतीची शिक्षा असेल आणि अपील लवकर ऐकले जाणार नसेल तर शिक्षा स्थगित करण्याच्या अर्जाकडे उदारपणे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगून ठेवले आहे. त्या अर्जातही शिक्षा का जास्त आहे हे मांडता येते. तिथेही तीच एक ओळ असते.

तुम्ही म्हणाल, बाई, आरोपीबद्दल एवढे लिहिता, मेलेल्याचे काय? जखमीचे काय?

मी त्यांचेही जबाब उतरवले आहेत. उलटतपासात वकिलाने 'तुम्ही तिथे नव्हताच' असे विचारल्यावर एका आईने दिलेले उत्तर अजून माझ्या डोक्यात आहे: "नव्हते असते तर बरे झाले असते." पुढच्या ओळीवर जायला मला वेळ लागला होता. गुन्हा लहान करून सांगा असे मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही. क्रूरपणे, ठरवून, दुबळ्यावर केलेल्या हिंसेला जबर शिक्षा झाली पाहिजे, आणि अवाजवी सहानुभूतीने न्यायावरचा लोकांचा विश्वास ढळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे, ते मला मान्य आहे. शिक्षा फारच कमी झाली असेल तर सरकार अपील करू शकते, तेही असायलाच हवे. पण त्या आईला शिक्षेच्या दिवशी कोणी काही विचारले का? तिच्या घरावर काय ओढवले, नातवंडे कोण सांभाळते, यावरही त्या परिच्छेदात एक शब्द नसतो. वर सांगितलेल्या २०१३ च्या निकालातच न्यायालयाने म्हटले आहे की प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाई द्यायची की नाही याचा विचार न्यायालयाने केलाच पाहिजे आणि त्याची कारणे नोंदवली पाहिजेत. शिक्षेवरची सुनावणी खरोखर झाली तर त्या घराचीही बाजू तिथे येईल. आज ती सुनावणी दोन्ही बाजूंना नाकारली जाते, आणि ती उणीव भरून काढायला शिक्षेचा आकडा वाढवला जातो.

म्हणून तुमच्याकडे मागणे आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असलेल्यांकडे जास्तच, कारण ज्यांना वकील परवडत नाही ते सगळे तुमच्याकडे येतात. मोफत वकील आणि निकालाची मोफत प्रत हा अपिलाचा भाग आहे हे १९७८ च्या होस्कोट निकालाने ठरवले, आणि तो निकाल महाराष्ट्रातूनच गेला होता. तेव्हा कृपा करून अपील चालवण्याआधी तुरुंगात जाऊन अशिलाला एकदा भेटा, किंवा व्हिडिओवर तरी बोला. बऱ्याच जणांना निकाल इंग्रजीत असल्यामुळे आपल्याला दहा वर्षे का झाली हे माहीतच नसते. तुरुंगातून वर्तणुकीचा अहवाल मागवा. त्याने आत कुठले काम शिकले, कुठली परीक्षा दिली, संचित रजेवर (फर्लोवर) गेला तेव्हा वेळेवर परत आला का, हे सगळे तुरुंगाच्या नोंदींत असते; ते प्रतिज्ञापत्रावर आणता येते आणि अपील न्यायालयाला जास्तीचा पुरावा घेण्याचा अधिकारही आहे. शाळेचा दाखला आणा, कारण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे वय निकालात नुसता आकडा असतो. आरोपी एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाने नेमके काय केले हे साक्षीदारांच्याच शब्दांत वेगळे काढून दाखवा. त्याच न्यायालयाने तशाच जखमेला दुसऱ्या प्रकरणात किती शिक्षा दिली ते शोधा. आणि मेमोत शिक्षेला स्वतःचा मथळा द्या.

खालच्या न्यायालयात काम करणाऱ्यांना इतकेच: दोषी ठरल्याच्या दिवशी शिक्षेसाठी वेगळी तारीख मागा. नाकारली तर तशी नोंद रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, करून घ्या. तो कागद पुढे माझ्यासारख्या कोणाच्या तरी टेबलावर येईल आणि पेपरबुकात उतरेल. जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत काही कलमांना किमान शिक्षा आल्या आहेत, सदोष मनुष्यवधाच्या पहिल्या भागाला किमान पाच वर्षे, धोकादायक हत्याराने केलेल्या गंभीर दुखापतीला किमान एक वर्ष. म्हणजे खाली जायची जागा पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, आणि कलम कोणते लागते यावर पहिल्याच दिवसापासून झगडावे लागेल.

'दया दाखवावी' हे शब्द मी किती वेळा इंग्रजीत नेले याला गणती नाही. प्रत्येक वेळी मला वाटायचे की मागणाऱ्याला हे म्हणायचे नसावे. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कलमात तो शब्द नाही. कलमात 'ऐकतील' असे आहे. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मी भेटले असते तर तो काय म्हणाला असता मला माहीत नाही, पण ते चार ओळींपेक्षा जास्त असते आणि त्याच्या भावांच्या म्हणण्यासारखे नक्कीच नसते.

त्याच्या अपिलाचे पुढे काय झाले ते मला समजले नाही. अनुवादकाला निकाल कळवत नाहीत. पेपरबुक गेले की आमचा संबंध संपतो.

अशिलाच्या घरून आलेली पत्रे, शाळेचे दाखले, ग्रामपंचायतीचे कागद, तुरुंगातल्या मराठी नोंदी अनुवादाविना पडून राहतात आणि म्हणून दाखल होत नाहीत, असे तुमच्यापैकी काही जणांनी मला सांगितले आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी ते माझ्याकडे पाठवावेत. शिक्षेच्या मुद्द्यावर लावायचे असतील तर मी ते उतरवून देईन, पैसे घेणार नाही. माझा पत्ता अपील विभागातल्या जुन्या सहकाऱ्यांकडे आहे. दिवसाला दहा-बारा पाने अजून होतात.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन अनुवादक